चढणीच्या माशांची मोजणी: एल्व्हा नदीचं प्रकरण

कोकणात जूनचा पहिला मोठा पाऊस पडला की व्हाळ फुगतात आणि मासे प्रवाहाच्या उलट वर चढायला लागतात, पार भातखाचरांपर्यंत. पोटं गाभोळीने भरलेली असतात. आपण त्यांना चढणीचे मासे म्हणतो. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे सॅमन आणि स्टीलहेड हेही चढणीचेच मासे. गोड्या पाण्यात जन्मतात, पिल्लं असताना समुद्रात उतरतात, तिथे काही वर्षं वाढतात आणि अंडी घालायला बहुतेक वेळा जन्माच्या नदीतच परत चढतात. (मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, पण त्याचं या कुळाशी काही नातं नाही.)

एल्व्हा ही अशा माशांची नदी. वॉशिंग्टन राज्यातल्या ऑलिंपिक द्वीपकल्पावर, बर्फाच्या डोंगरांत ती उगम पावते आणि साधारण ७२ किलोमीटर वाहून पोर्ट एंजेलिस गावाच्या पश्चिमेला हुआन द फूका सामुद्रधुनीला मिळते. पाणलोट ८३३ चौरस किलोमीटरचा, आणि त्यातला ८० टक्क्यांहून अधिक भाग ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानात आहे. २०११ ते २०१४ या काळात या नदीवरची दोन धरणं पाडली गेली. त्या पाडकामाबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला लिहायचं आहे ते त्याच्या आधीपासून सुरू असलेल्या आणि अजूनही संपलेलं नसलेल्या कामाबद्दल: ऋतू बदलेल तसं नदीत उतरून मासे मोजण्याबद्दल. धरण पाडलं की बातमी होते. मासे परतले की नाही, परतले तर कोणते, कुठवर, आणि नसतील तर नेमके कशाने अडले, हे मात्र ही मोजणीच सांगते.

शंभर वर्षांची अडवणूक

एल्व्हा धरणाचं काम १९१० मध्ये सुरू झालं आणि १९१३ मध्ये संपलं. मधे ऑक्टोबर १९१२ मध्ये त्याचा पाया फुटून सगळं पाणी वाहून गेलं होतं. तो पुन्हा बुजवला. उंची ३३ मीटर, आणि समुद्रापासून अंतर जेमतेम ८ किलोमीटर. १९२७ मध्ये त्याच्या वरच्या अंगाला ग्लाइन्स कॅन्यनच्या अरुंद घळीत ६४ मीटर उंचीचं दुसरं धरण उभं राहिलं. दोन्ही वीजनिर्मितीसाठी, आणि दोन्हींत माशांना वर जायला वाट नाही. अशी वाट ठेवलीच पाहिजे असा कायदा राज्यात १८९० पासून होता. त्यातून पळवाट काढली गेली: वाटेऐवजी मत्स्यबीज केंद्र, म्हणजे हॅचरी, चालवायची. ती हॅचरी १९२२ मध्ये बंद पडली. धरण राहिलं.

आपल्याकडच्या कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढतात, नदी मोकळी होते. एल्व्हाला तशी सवड शंभर वर्षांत एकदाही मिळाली नाही. धरणांआधी वर्षाला सुमारे चार लाख मासे चढत असावेत असा अंदाज आहे. ते काही हजारांवर आले आणि सगळे खालच्या ८ किलोमीटरमध्ये कोंबले गेले. वर शंभराहून जास्त किलोमीटर उत्तम पाणी रिकामं होतं. रिकामं म्हणजे समुद्रातून येणाऱ्यांना बंद. तिथे अडकून पडलेले ट्राउट, म्हणजे सॅमनच्याच कुळातले मासे, मात्र होते. त्यांची गोष्ट पुढे येईल.

नदीच्या मुखाशी लोअर एल्व्हा क्लालम या आदिवासी समाजाची वस्ती आहे. १८५५ च्या पॉइंट नो पॉइंट कराराने त्यांचा मासेमारीचा हक्क मान्य केला होता. १९७४ मध्ये न्यायाधीश जॉर्ज बोल्ट यांच्या निकालाने त्या हक्काला वजन आलं: पकडता येण्याजोग्या माशांत करारातल्या जमातींचा निम्मा वाटा, आणि व्यवस्थापनात राज्याच्या बरोबरीने हात. पण नदीत मासाच नसेल तर निम्म्याचा अर्थ काय? धरणं काढावीत म्हणून या समाजाने अनेक दशकं लढा दिला. १९९२ मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा केला. २००० मध्ये २ कोटी ९५ लाख डॉलर देऊन सरकारने धरणं विकत घेतली. पाडकाम प्रत्यक्षात सुरू झालं सप्टेंबर २०११ मध्ये. सगळ्या प्रकल्पाचा खर्च साधारण साडेबत्तीस कोटी डॉलर झाला.

२०१२ मध्ये खालचं जलाशय रिकामं झालं तेव्हा क्लालम लोकांचं उत्पत्तिस्थान, म्हणजे ज्या खडकाजवळ आपली माणसं घडवली गेली असं ते मानतात, ती जागा पाण्याखालून बाहेर आली. वाडवडिलांकडून ऐकलेली जागा डोळ्यांनी पाहायला मिळाली. जमातीचं मत्स्यखातं या मोजणीत पुढे का आहे, हे यावरून कळतं.

वर्षाचा फेरा

मोजणी एका माणसाची किंवा एका खात्याची नाही. जमात, राज्याचं मत्स्य आणि वन्यजीव खातं, राष्ट्रीय उद्यान सेवा, समुद्री मत्स्यव्यवसायाची संघीय संस्था, भूशास्त्रीय सर्वेक्षण, सगळे वाटून घेतात. कारण माशांच्या जाती वेगवेगळ्या वेळी चढतात आणि एकाच रीतीने सगळ्यांना मोजता येत नाही.

हिवाळी स्टीलहेड डिसेंबरपासून नदीत शिरतात आणि वसंतात अंडी घालतात. चिनूक, म्हणजे सॅमनमधले सर्वांत मोठे, उन्हाळ्यात येतात आणि ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर अंडी घालतात. गुलाबी सॅमन मुख्यतः विषम वर्षांत दिसतात. कोहो सॅमन शरदात, चम सॅमन त्याच्याही नंतर. समुद्राकडे निघालेली पिल्लं मोजायची तर वसंतात. म्हणजे वर्षाचा एकही महिना पूर्ण सुटीचा नाही.

सॅमन आणि स्टीलहेड यांच्यातला एक फरक मोजणाऱ्याला फार महत्त्वाचा आहे. पॅसिफिक सॅमन अंडी घातली की मरतात. काठाला त्यांची कलेवरं पडतात आणि त्या कलेवरांत माहितीचा खजिना असतो: खवल्यांवरच्या कड्यांवरून वय, कानातल्या बारीक खड्यावरून जन्म हॅचरीत की नदीत, नाकाडात हॅचरीने बसवलेला, अंक कोरलेला तारेचा बारीक तुकडा असेल तर कोणत्या तुकडीत सोडला होता तेही. स्टीलहेड मात्र बहुधा मरून मागे राहत नाही. तो रेनबो ट्राउटचाच समुद्रात जाणारा भाऊ, जात एकच. अंडी घालून झाली की जगला तर पुन्हा समुद्राकडे निघतो, आणि पुढच्या वर्षी कदाचित पुन्हा येतो. म्हणून त्याची कलेवरं हाती लागत नाहीत. मोजायचे ते त्याचे खळगे.

मादी आडवी होऊन शेपटीच्या फटक्यांनी खडीत खळगा करते, अंडी घालते आणि वरच्या अंगाची खडी उकरून ती झाकते. उकरलेली खडी शेवाळ निघाल्यामुळे भोवतालच्या गोट्यांपेक्षा उजळ दिसते. पथक काठाने आणि पाण्यातून चालत जातं, प्रत्येक खळग्याजवळच्या फांदीला रंगीत फीत बांधतं, त्यावर तारीख लिहितं, जागा नोंदवतं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा तीच वाट. जुना खळगा दोनदा मोजला जाऊ नये आणि नवा सुटू नये, एवढ्यासाठी ही फीत. गोची अशी की स्टीलहेड अंडी घालतो तेव्हाच बर्फ वितळून नदी फुगलेली असते. पाणी चढलं की आठवडाभर काही दिसत नाही, आणि ओसरलं की अर्धे खळगे सपाट झालेले असतात.

पिल्लांसाठी वेगळी युक्ती. दोन तराफ्यांमध्ये पत्र्याचा मोठा शंकू बसवतात, तोंड प्रवाहाकडे. पाण्याच्या जोराने तो मळसूत्रासारखा फिरतो आणि खाली येणारी पिल्लं मागच्या पेटीत साठतात. रोज सकाळी पेटी उघडायची, जातवार मोजायचं, लांबी घ्यायची, सोडून द्यायचं. पण नदीतून गेलेल्या पिल्लांचा किती भाग पेटीत आला, हे कळल्याशिवाय आकड्याला अर्थ नाही. म्हणून काही पिल्लांवर खूण करून ती वरच्या बाजूला सोडतात. समजा २०० सोडली आणि १० पुन्हा सापडली, तर सापळा शंभरात पाच पकडतो. मग ३०० ची पेटी म्हणजे नदीत ६,०००. हिशेब शाळेतला आहे. तो खरा ठरण्यासाठी पहाटे थंडगार पाण्यात हात घालून पालापाचोळ्यातून जिवंत पिल्लं निवडणारी माणसं लागतात, आणि हे वसंतभर, रोज.

गाळ सुटला तेव्हा

दोन्ही जलाशयांत मिळून सुमारे २ कोटी १० लाख घनमीटर गाळ साठला होता. धरणं टप्प्याटप्प्याने पाडली, ती नदीला हा गाळ पचवायला वेळ मिळावा म्हणून. मासे चढायच्या आणि उतरायच्या काळात काम थांबवण्याचे महिनेही ठरवून दिलेले होते. तरी पहिल्या पाच वर्षांत जवळजवळ दोन तृतीयांश गाळ सुटला, आणि सुटलेल्यातला बहुतांश थेट समुद्रापर्यंत गेला. मुखाशी नवी वाळू साचून किनारा पुढे सरकला. मधली काही वर्षं नदी कॉफीच्या रंगाची होती.

आता मोजायचं कसं? डोळ्यांवर अवलंबून असलेली प्रत्येक रीत मुख्य प्रवाहात निकामी झाली. खळगे दिसत नाहीत, कलेवरं गाळात बुडतात. धरणं पाडण्याआधी नदीत आडवा तरंगता बांध घालून त्याच्या सापळ्यात मासे पकडून मोजायची सोय केली होती. लाकडं, पानं आणि गाळ यांच्या माऱ्यात तो बांध टिकवणं अवघड होऊन बसलं.

इथे सोनार उपयोगी पडला. पाण्याखाली बसवलेला हा यंत्राचा डोळा ध्वनिलहरी सोडतो आणि त्यांच्या प्रतिध्वनीवरून चित्र उभं करतो, गढूळ पाण्यातही आणि रात्रीही. पडद्यावर मासा राखाडी सावलीसारखा शेपूट हलवत जाताना दिसतो, त्याची लांबीही मोजता येते. मग माणसं बसून या चित्रफिती पाहतात: वर गेलेले अधिक, खाली आलेले उणे.

ऐकायला सरळ, पण दोन अडचणी उरतातच. सावलीवरून जात कळत नाही. एकाच लांबीचा कोहो आणि स्टीलहेड पडद्यावर सारखेच. म्हणून अधूनमधून जाळं टाकून नदीत त्या आठवड्यात कोणत्या जाती किती प्रमाणात आहेत हे पाहावं लागतं, आणि मोसमाचा आधार घ्यावा लागतो. दुसरी अडचण खास स्टीलहेडची. मोसमाच्या शेवटी खाली जाणारा मासा म्हणजे वाट चुकून परतलेला नव्हे. तो अंडी घालून समुद्राकडे निघालेला असतो. त्याला ‘उणे’ धरलं तर खरोखर आलेला मासा हिशेबातून पुसला जातो. त्यामुळे कोणत्या तारखेनंतर वजाबाकी थांबवायची, हे माशाचं वागणं ओळखून ठरवावं लागतं. मला या सगळ्या प्रकरणात हा बारकावा सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. यंत्राने दिलेल्या आकड्यामागेही नदी ओळखणाऱ्या माणसाचा निर्णय असतो.

उपनद्या मात्र स्वच्छ होत्या. इंडियन क्रीक आणि लिटल रिव्हर या दोन उपनद्या दोन धरणांच्या मधल्या पट्ट्यात येतात. खालचं धरण पाडायला घेतल्यावर कोहोचे प्रौढ मासे वाहनातून नेऊन तिथे सोडले, म्हणजे मुख्य नदीत गाळाचा कहर चालू असताना निदान काहींची वीण स्वच्छ पाण्यात व्हावी. त्यांनी अंडी घातली, आणि पुढच्या वसंतांत तिथल्या सापळ्यांत पिल्लं आली. हे घडलं नसतं तर त्या वर्षांत आशा धरायला फार थोडं होतं.

घळीतले दगड

सप्टेंबर २०१४. ग्लाइन्स कॅन्यन धरणाचा शेवटचा भाग ऑगस्टअखेर उडवला होता. जलजीवशास्त्रज्ञ पाण्याखाली पाहायचा मुखवटा लावून वरच्या पाण्यात पोहत गेले आणि त्यांना तीन मोठे चिनूक दिसले. १०२ वर्षांनंतर चिनूक तिथे पोचले होते. रेडिओ संदेश देणारी खूण लावलेले, बुल ट्राउट जातीचे दोन मासेही घळ ओलांडून वर गेले होते.

एवढ्यावर समाधान मानून नोंदवह्या मिटता आल्या असत्या. पण पथकं मोजत राहिली आणि पुढचं चित्र वेगळं निघालं. माशांना बसवलेल्या रेडिओ खुणा आणि त्यांचे संदेश टिपणारी काठावरची यंत्रं यांच्या नोंदींत दिसलं की मासे जुन्या धरणाच्या जागेखाली येतात आणि बहुतेक तिथेच घुटमळतात. कारण घळीतच होतं. कोसळलेल्या दरडींतले प्रचंड धोंडे प्रवाहात अडकले होते आणि त्यांच्यामधून पाणी असं फुटत होतं की उडी घ्यायला खाली डोहच राहिला नव्हता. धरण गेलं होतं, अडथळा उरला होता.

२०१५ च्या आणि नंतर २०१६ च्या शरदात ते धोंडे सुरुंगाने फोडले. त्यानंतर वरच्या पाण्यात चिनूक, स्टीलहेड, बुल ट्राउट नियमित दिसू लागले. तीन चिनूक वर गेले हा पुरावा खरा होता, पण तेवढ्यावर नदी मोकळी झाली असं मानणं चूक ठरलं असतं. तिन्ही माशांनी अवघड वाट कशीबशी पार केली होती. बाकीचे किती थांबले, हे पुढच्या मोसमांत पुन्हा पुन्हा जाऊन पाहणाऱ्यांनाच कळलं.

मोकळ्या नदीने आणखी एक काम केलं: दरीतला रस्ता आणि तंबू ठोकून राहायच्या दोन जागा वाहून नेल्या. त्यामुळे वरच्या भागात गाडीने जाणं बंद झालं आणि सामान पाठीवर घेऊन चालणं वाढलं. नदीला वाट दिली की ती आपली वाट स्वतः निवडते, याची तक्रार करण्यात अर्थ नाही.

उन्हाळी स्टीलहेड

आता अडकून पडलेल्या ट्राउटकडे येऊ. स्टीलहेडचा एक प्रकार उन्हाळ्यात नदीत शिरतो, अंडी तयार व्हायच्या कितीतरी महिने आधी, आणि डोंगरातल्या गार डोहांत पुढच्या वसंताची वाट पाहत राहतो. उपाशीच म्हणायला हरकत नाही. एल्व्हात धरणांनंतर हा प्रकार जवळजवळ नाहीसा झाला होता. खालच्या आठ किलोमीटरमध्ये त्याला लागतात तसे डोह कुठून असणार?

उन्हाळ्याच्या अखेरीस पाणी कमी आणि नितळ असतं. तेव्हा पोहणारी पथकं शेजारी-शेजारी ओळ धरून, आपापला पट्टा वाटून घेऊन, थंडी अडवणाऱ्या पोशाखात प्रवाहाबरोबर खाली येत डोह न् डोह पाहतात. २०१० च्या दशकाच्या उत्तरार्धात या पथकांना वरच्या डोहांत समुद्रातून आलेले मोठे, चंदेरी स्टीलहेड दिसू लागले. एखादा दुसरा नाही. काही वर्षांत शेकड्यांत मोजावे लागतील इतके. त्यांना कोणी तिथे सोडलं नव्हतं, कोणत्या हॅचरीत वाढवलं नव्हतं.

मग आले कुठून? आनुवंशिक तपासणीतून उत्तर मिळालं. धरणांच्या वर अडकलेल्या रेनबो ट्राउटांनी समुद्र न पाहता अनेक पिढ्या काढल्या होत्या, पण उन्हाळ्यात लवकर चढण्याशी जोडलेली जनुकं त्यांच्यात टिकून होती. वाट उघडली, त्यांची काही पिल्लं समुद्रात गेली, आणि परतली ती उन्हाळी स्टीलहेड होऊन. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा बराच वेळ पुढचं वाचू शकलो नाही. शंभर वर्षं ज्यांना आपण डोंगरातले साधे ट्राउट समजत होतो, ते समुद्राची वाट पोटात जपून होते.

चिनूकचा आकडा

सगळं मात्र असं झालं नाही. सोनारवर चिनूकचा आकडा वाढताना दिसतो, पण कलेवरांच्या कानातले खडे कापून पाहिले की बहुतेकांवर हॅचरीची खूण निघते. हॅचरीत अंड्यांच्या वेळी पाण्याचं तापमान ठरवून बदललं जातं आणि त्याचे पट्टे खड्यावर आयुष्यभर राहतात. त्यावरून हे कळतं. म्हणजे मासे परतताहेत, पण नदीत जन्मलेले अजून थोडे. गुलाबी आणि चम हे खालच्या भागात अंडी घालणारे. गाळाचा सर्वांत जास्त मार त्याच भागाने खाल्ला, आणि त्यांची वाढ संथ आहे.

हॅचरी हवी की नको, यावर कडाक्याचं भांडण झालं, कोर्टापर्यंत गेलं. गाळाच्या वर्षांत बीजच बुडू नये म्हणून हॅचरी हवी, असं एका बाजूचं म्हणणं. हॅचरीचे मासे रानटी माशांच्या रक्तात मिसळून त्यांना दुबळं करतील, असं दुसऱ्या बाजूचं. दोन्हींत तथ्य आहे असं मला वाटतं. पिजेट साउंड भागातले (एल्व्हा त्यातच धरतात) चिनूक १९९९ पासून आणि स्टीलहेड २००७ पासून धोक्यातल्या माशांच्या संघीय यादीत आहेत, तेव्हा चुकीला जागा फार नव्हती. २०१४ मध्ये निश्चित झालेल्या देखरेखीच्या आराखड्यात यावर व्यवहारी तोड आहे. सावरण्याचे चार टप्पे मानले: जतन, पुन्हा वस्ती, नदीशी जुळवून घेणं आणि स्वतःच्या बळावर टिकणारी संख्या. एका टप्प्यातून दुसऱ्यात कधी जायचं ते किती मासे, किती पिल्लं, किती पसरले, किती वैविध्य यांच्या मोजलेल्या निकषांवर. हॅचरीचा हात कधी आखडता घ्यायचा, हेही त्यावरच. म्हणून खळग्याजवळ बांधलेली फीत आणि सापळ्यातली पेटी यांना एवढं महत्त्व. त्यांच्याशिवाय हा वाद नुसत्या मतांवर चालला असता.

माशांबरोबर समुद्रही वर येतो. प्रवाहात बुडी मारून किडे खाणारा डिपर नावाचा छोटा पक्षी एल्व्हावर आहे. जिथवर सॅमन पोचले तिथल्या डिपरांच्या शरीरात समुद्रातून आलेल्या पोषणाची रासायनिक खूण सापडली.

२०११ मध्ये, पाडकामाबरोबरच, एल्व्हात मासेमारी बंद केली होती. जमातीनेही स्वतःचा करारातला हक्क बाजूला ठेवला, आणि बंदी पुन्हा पुन्हा वाढवत नेली, कारण मोजणीत माशांना अजून वेळ लागेल असं दिसत होतं. ज्यांनी धरणं पाडायला लावली त्यांनीच इतकी वर्षं त्या नदीतला मासा खाल्ला नाही. अखेर कोहोचे आकडे पुरेसे झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये लोअर एल्व्हा क्लालम लोकांनी नदीच्या खालच्या पट्ट्यात, विधींसाठी आणि घरच्या जेवणासाठी, गळ टाकून कोहो धरले. मर्यादा ४०० माशांची होती.